ओमाच्या तोंडात अक्षता

नारळ नाही. लिंबू नाही. हार नाही. उदबत्ती तर अजिबात नाही, तिथे इंधन असतं.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी, आपल्या स्वयंपाकघरात आदल्या संध्याकाळी चंद्रहासने आईला हे सगळं बजावलं होतं आणि लीलावतीबाईंनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली होती. घरात नवं वाहन आलं की त्याची पूजा होते, यात वाद घालण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. हे वाहन नवं नव्हतं आणि घरातही येणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी. ते पन्नासच्या दशकातलं लष्करी जेट होतं. त्यावर उडायला शिकलेले वैमानिक म्हातारे होऊन नातवंडं खेळवू लागले, तरी ते आपलं उडतच होतं. चंद्रहास धरून फ्लाइंग क्लबातल्या चौदा जणांनी ते मिळून घेतलं होतं आणि ते सगळे लाडाने त्याला 'ओमा' म्हणत. ओमा म्हणजे इथल्या भाषेत आजी.

"चौदावा हिस्सा आपला म्हणजे नेमका कुठला?" आईने विचारलं होतं. "चाक का?"

"तसं नसतं गं. सगळं सगळ्यांचं असतं."

"आपल्या नाशिकच्या घराचं तसंच होतं. म्हणून तर कोर्टात गेलं."

मग सकाळ झाली,

आणि हँगरचं दार सरकलं, आणि ओमा उन्हात आली. चंदेरी अंग, बुटकी चाकं, नाक किंचित वर. दोन माणसं एकामागे एक बसतील एवढीच जागा. पोटाशी दोन्ही बाजूंना हवा आत ओढणारी दोन तोंडं. चंद्रहास दर वेळी तिच्याकडे पाहतच राहायचा. हिस्सा घेतल्यापासून तो मागच्या सीटची वाट पाहत होता. कधी ढग आडवे आले, कधी सुटा भाग मिळेना. आज त्याची पाळी होती, पहिलीच.

"देखणी आहे रे," आई म्हणाली, आणि चंद्रहासला आपल्याच रूपाची कोणी तारीफ केल्यासारखं वाटलं.

तो हेल्मेट घालून बघण्यात गुंतला. तेवढ्यात आईने डोळे मिटले, पुटपुटली आणि पर्समधून मूठ काढून

अक्षता.

कुंकवात कालवलेल्या. ओमाच्या डाव्या तोंडात, मनापासून.

हँगरमध्ये सगळ्यांत आधी पाना खाली पडल्याचा आवाज आला. तो थेइसच्या हातातला होता. थेइस म्हणजे क्लबचा इंजिनिअर, सहा फुटांहून उंच, जमिनीवर पडलेला नटसुद्धा त्याला झोप लागू देत नसे. इंजिनाजवळ बाहेरची वस्तू आणणाऱ्याचं नाव पाळीच्या यादीत तळाला जातं, हा नियम त्याचाच.

"आई, अगं काय केलंस हे?" चंद्रहास कुजबुजला.

"नारळ नको म्हणालास, नाही आणला. लिंबू नको म्हणालास, नाही आणलं. अक्षतांचं काही बोलला नाहीस."

खरंच बोलला नव्हता. चंद्रहास कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून तो दिवसभर धुळीच्या कणाशी वैर करायचा, आणि त्याच्याच आईने जेटला तांदूळ भरवले होते.

थेइसने कोणी टाकले ते विचारलं. आई नुकतीच पहिल्यांदा परदेशी आली होती, तिचा चेहरा उतरला होता. चंद्रहास पुढे झाला.

"मी."

बायको मंजूषाने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

थेइसने आरडाओरडा केला नाही. त्याने विजेरी आणली, लांब नळीचा कॅमेरा आणला आणि आलेल्या सगळ्या मालकांना गुडघ्यांवर बसवलं. निवृत्त डॉक्टर, एक वकील, बेकरीवाला, सगळे एका रांगेत रांगत काँक्रीटवरचे दाणे वेचू लागले. कुणी कुरकुर केली नाही. एकाने तर कौतुकच केलं, की बरं झालं लाल आहेत, चटकन दिसतात. आई त्यांच्यात बसून सराईत हाताने वेचत होती. आतले दाणे काढले, इंजिन पुसलं, तपासलं, चालवून पाहिलं. ओमा खणखणीत होती.

पण चंद्रहासचं नाव तळाला गेलं. सीट मात्र त्या दिवशी त्याच्या घरची होती, आणि पाळी गेलेल्याऐवजी घरचं दुसरं कोणी बसू शकत होतं. मंजूषाला उंच पाळण्यातसुद्धा चक्कर यायची. वैमानिक मराइकेने लीलावतीबाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि सर्वांत लहान मापाचा उड्डाणाचा पोशाख मागवला.

"चंदू, मी कशी जाऊ? तू एवढी वाट पाहिलीस."

चंद्रहासचं तोंड त्याच्याच शौर्याने बंद केलं होतं. "जा गं," तो म्हणाला.

आणि ओमा गेली. आधी गडगडाट, मग शीळ, मग नुसतं चकाकणं.

हँगरमधला स्पीकर खरखरला. मराइकेने आईला बोलायचं बटण दाखवलं असावं.

"चंदू, ऐकतोस ना? किती सुंदर आहे रे. शेतांच्या मधून पाणी कसं आखून दिल्यासारखं... आणि हे बघ, त्या उंच माणसाला सांगून टाक, अक्षता मी टाकल्या. इतक्या वर बसून खोटं सोसवत नाही."

थेइसने विचारलं, काय म्हणाल्या?

"शेतं आवडली म्हणे," चंद्रहास म्हणाला.

इतकी वर्षं इथे राहून मंजूषाला इथली एक सवय लागली होती. कोणी विचारलं की जे असेल ते सांगायचं. तिने शब्दन् शब्द डचमध्ये सांगितला.

थेइसने फडक्याला हात पुसले. मग त्याने शांतपणे समजावलं, की चूक कोणाच्याही हातून होते, तिच्यासाठी यादीचा तळ आहे. पण हँगरमध्ये खोटं बोललं तर पुढच्या खेपेला तांदळाऐवजी स्क्रू असेल आणि तो कोणाला सापडणार नाही. तेव्हा नाव तळालाच राहील. शिवाय हा अख्खा हंगाम काँक्रीट झाडायचं. त्याने झाडू आणून दिला, तोही अगदी अदबीने.

चंद्रहास झाडू लागला. डोक्यावरून ओमा गेली, इतकी खालून की पोटाच्या पत्र्यावरचे रिव्हेट दिसले. झाडू थांबला. थेइसही वर पाहत होता, म्हणून ओरडला नाही.

स्पीकर पुन्हा खरखरला. मराइके विचारत होती, इंधन पुरेसं आहे, बाई आणखी एक फेरी मागतायत, मुलगा खोळंबला असेल तर उतरते.

थेइसने माईक चंद्रहासपुढे धरला.

"आईला सांगा, माझं अजून अर्धं झाडायचंय," तो म्हणाला. "घाई नाही."