दुसऱ्या गाडीत

माईंचा होकार मिळाल्याखेरीज घर घ्यायचे नाही, हे दोन्ही मुलांनी मान्य केले होते. मान्य न करून सांगतात कोणाला? माईंचे राहते घर विकल्याखेरीज नव्या घराचे पैसे उभे राहणार नव्हते. आणि माईंचा नकार तर त्या वस्तीत शिरतानाच ठरला होता. रुंद, स्वच्छ रस्ते, दुतर्फा एकसारखी घरे, आणि पायी चालणारे माणूस औषधालाही नाही.

"इथून भाजी आणायला कसं जायचं?" माईंनी गाडीतूनच विचारले होते.

"गाडीनं," थोरला म्हणाला.

"आणि वाचनालयात?"

"गाडीनंच, आई. आम्ही आहोत ना, सोडू की."

"म्हणजे मी आता सामान झाले. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं ठेवायचं."

ज्या बाईने उभ्या आयुष्यात उंबरा ओलांडताना कोणाला विचारले नाही, तिने उतारवयात गाडीची किल्ली ज्याच्या खिशात त्याच्या तोंडाकडे पाहत बसावे, हे माईंना मंजूर नव्हते. तरीही नाकारायचे घरसुद्धा नीट पाहूनच नाकारावे, अशी त्यांची शिस्त. खाली सर्वांना भिंतींच्या रंगाचे कौतुक करू देऊन त्या एकट्याच वर गेल्या, न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि सगळे नळ पूर्ण सोडून धार पाहत उभ्या राहिल्या. घराची लायकी नळ सांगतो, एजंट नव्हे.

नळ बंद केले तेव्हा घर शांत होते. फारच शांत. माई खाली आल्या. एजंटची गाडी नव्हती, थोरल्याची नव्हती, धाकट्याचीही नव्हती. किमतीचे बोलणे करायला सारे लटांबर एजंटच्या कचेरीकडे रवाना झाले होते. माईंचा फोन मोठ्या सुनेच्या पर्समध्ये बसून त्यांच्याबरोबर गेला होता.

दार आतून उघडत होते. पण उघडून जायचे कोठे? माई फाटकापर्यंत गेल्या. पदपथ म्हणून नव्हताच. एक गाडी संथपणे पुढून गेली. चालवणाऱ्याने माईंकडे असे पाहिले, जणू कोणी रस्त्याकडेला कपाट उभे करून ठेवले आहे.

त्या परतल्या आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या रुंद कठड्यावर बसल्या. मागच्या अंगणात एक जुने, डेरेदार झाड होते. त्याची सावली ओट्यापर्यंत येऊन हलत होती. कोणी हाक मारीत नव्हते, काही मागत नव्हते. लग्न होऊन आल्यापासून आपण कोणत्याही स्वयंपाकघरात अशा नुसत्या बसलेलो नाही, हे माईंच्या ध्यानात आले. ही जागा बरी आहे, असा एक विचार मनात शिरला. माईंनी त्याला तत्काळ हाकलले. तो दाराशीच घुटमळत राहिला.

घंटा वाजली. दारात एक नीटनेटके नवराबायको उभे होते.

"आम्ही घर बघायला आलोय," नवरा म्हणाला. "एजंट यायचाय अजून. पण तुम्ही मालकीणबाई घरातच आहात, म्हणजे बरंच झालं. दाखवता का?"

दारात आलेल्याला विन्मुख पाठवणे माईंच्या रक्तात नव्हते. शिवाय 'मालकीणबाई' ही चूक दुरुस्त करण्याजोगी त्यांना वाटली नाही.

"जिना उभा आहे," त्यांनी सुरुवात केली. "जिन्याखाली ओल आहे. पायी कुठंही जाता येत नाही. पाणी मात्र उत्तम, खोटं कशाला बोलू?"

"बघ, मालक स्वतः दोष सांगतायत!" नवरा भारावून म्हणाला. "घेऊन टाकू या."

बायको स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी होती. "ही भिंत पाडायची. आणि पहिलं ते झाड काढायचं. तिथं तिसऱ्या गाडीची सोय होईल."

माई थांबल्या. "कोणतं झाड?"

"ते काय. पानांचा कचरा किती होत असेल!"

"होतो. झाडाला पानं येतात."

"मग काढलेलंच बरं ना?"

"उशीर केलात," माई म्हणाल्या. "घर गेलेलं आहे."

"अहो, पण एजंट म्हणाला—"

"एजंटनं कधी नळ सोडून बघितलाय? या आता. जाताना फाटक ओढून घ्या."

फाटक ओढले गेले न गेले तोच दोन्ही गाड्या करकचून थांबल्या आणि दोन्ही मुले धावत आली.

"आई! मला वाटलं, तू दादाच्या गाडीत आहेस!" धाकटा म्हणाला.

"आणि मला वाटलं, ह्याच्या!"

"वाटलं ना? मग फोन करून विचारलं का नाही?"

दोघे भाऊ आपापल्या बुटांचे निरीक्षण करू लागले. अखेर धाकट्या सुनेने तोंड उघडले. तिला खरे बोलण्याची वाईट खोड होती.

"माई, कुणी 'हळू घे', 'हॉर्न कशाला', 'ब्रेक कुणी दाबायचा' असं काहीच म्हणत नव्हतं. ह्यांनी तर गाणी लावली होती. आम्हाला वाटलं, आज दादांची पाळी."

थोरल्याने मात्र पुढे होऊन माईंचा हात धरला. "आई, चुकलंच आमचं. तुझंच खरं. गाडी नसली की माणूस अडकून पडतं इथं. नाही घ्यायचं हे घर. एजंटला तसं सांगूनच आलोय."

"मग परत फोन लाव त्याला. घर गेलं म्हणावं."

"गेलं? कुणाला?"

"आपल्याला. मी शब्द देऊन बसले आहे."

"अगं, पण तुझ्या जाण्यायेण्याचं काय? पायी तर—"

"तेच या घराचं मोठं सुख," माई गंभीरपणे म्हणाल्या. "रोज संध्याकाळी तुमच्यापैकी एकाची गाडी दारात उभी पाहिजे. कुठं जायचं, ते मी पुढच्या सीटवर बसल्यावर सांगेन. सामान बोलत नसतं. मी बोलते."

थोरला खाकरला. "आई, धाकट्याची गाडी ऐसपैस आहे. तुझ्या गुडघ्यांना बरी."

"पण हात दादाचाच सफाईदार!" धाकटा घाईने म्हणाला.

माईंनी दोघांकडे एकवार पाहिले. मग त्या धाकट्याच्या गाडीत पुढे जाऊन बसल्या, पदर सारखा केला, पट्टा लावला.

"लाव ती गाणी," त्या म्हणाल्या. "बघू तरी, मी नसताना काय ऐकत होतास."