ब्लिट्झला किमान पाच

ऑर्लाचा मेसेज आला तेव्हा शैलेंद्र गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवून उभा होता. ऑर्ला ही त्याच्या मुलीच्या, गिरिजाच्या, गेलिक फुटबॉल क्लबातली कोच. गेलिक फुटबॉल म्हणजे आयर्लंडचा स्वतःचा खेळ, त्यात बॉल हातातही धरतात. दहा वर्षांखालच्या मुलींच्या पालकांच्या ग्रुपवर तिनं लिहिलं होतं, 'अखेर मॅचेसना परवानगी मिळाली. येत्या शनिवारी आपल्या मैदानावर ब्लिट्झ. कुणाला त्यातलं थोडंफार कळत असेल तर मदत हवी आहे.'

"काहीतरी लिही त्यात," पूर्णिमा म्हणाली. "वर्षभरात तू त्या ग्रुपवर नुसते अंगठे टाकलेस."

बायकोचं म्हणणं खरं होतं. डब्लिनला ओंगारमध्ये राहत असताना गिरिजाला मैत्रिणींची ददात नव्हती. मग शैलेंद्रला कॉर्कजवळच्या औषधांच्या प्लांटमध्ये नोकरी लागली, कॅरिगलाइनला घर मिळालं, आणि खोकी उघडून होतायत तोच लॉकडाउन लागला. शाळा लॅपटॉपमध्ये गेली, क्लबातला सरावही बहुतेक बंदच राहिला. तेव्हापासून नऊ वर्षांची पोर मागच्या अंगणात भिंतीवर बॉल मारत होती आणि भिंत तो परत देत होती. तिची टीम ती तेवढीच.

शैलेंद्रनं टाइप केलं, 'आनंदानं मदत करेन. ब्लिट्झचं मला चांगलं ज्ञान आहे.'

"आहे का?" पूर्णिमानं विचारलं.

"शनिवारपर्यंत होईल."

तेवढ्यात दूध उतू गेलं.

शैलेंद्र व्हॅलिडेशनमधला माणूस. टाकी धुतली म्हणजे धुतली, हे त्याच्या खात्यात चालत नसे. धुतली कशाला म्हणायचं, हे आधी कागदावर लागे. त्यामुळे त्यानं पहिल्यांदा ब्लिट्झची व्याख्या शोधली. इंटरनेटनं त्याला थेट अमेरिकन फुटबॉलमध्ये नेऊन सोडलं. फुटबॉल तो फुटबॉल, असा विचार करून त्यानं कंपनीच्या ओहायोच्या ऑफिसातल्या डगला अर्ध्या तासाची मीटिंग लावली. ती सव्वा तास चालली.

"समोरच्यांच्या एका माणसाच्या हातात बॉल असतो आणि तो लांब फेकायच्या बेतात असतो," डग म्हणाला. "आपल्या पुढच्या फळीतले चौघं त्याच्या अंगावर जातात. हे रोजचं. ह्याला ब्लिट्झ म्हणत नाहीत."

"जोरात गेले तरी?"

"कितीही जोरात गेले तरी. ज्याचं काम खरं म्हणजे मागे राहून राखण करायचं, तो आपली जागा सोडून पाचवा म्हणून घुसला, की ब्लिट्झ. मागे भोक पडतं, पण बॉलवाल्याला ते बघायला वेळच मिळत नाही."

शैलेंद्र लिहून घेत होता. "समजा मागचा एक गेला, पण पुढचा एक थांबला. म्हणजे गेले चारच. मग?"

डगनं खुर्ची पुढे ओढली. "माझ्या मते पाच मोजले तरच ब्लिट्झ. माझा मेव्हणा म्हणतो, मागचा गेला की झालं, आकडा कितीही असो. ह्या प्रश्नावरून आम्ही दोन वर्षं एका टेबलावर जेवलेलो नाही."

कुणाच्या घरात भांडण लावायचं नाही म्हणून शैलेंद्रनं दोन्ही अटी घातल्या. किमान पाच, त्यांतली किमान एक मागची.

ब्लिट्झच्या तयारीसाठी मुली हव्यात म्हटल्यावर ऑर्लानं गिरिजा धरून सात जणी लगेच दिल्या. बुधवारी आणि गुरुवारी त्यानं त्यांना मैदानाच्या एका कोपऱ्यात पळवलं. गिरिजा नवी म्हणून कायम मागे उभी केलेली असायची, तेव्हा पाचवी आपोआप तीच ठरली. इशारा मराठीत ठेवला, म्हणजे समोरच्यांना कळायला नको. गोलात उभ्या राहणाऱ्या लालकेशी क्लोदानं 'आता' हा शब्द दोन दिवसांत असा घोटला की कुणी ऐकलं असतं तर पोर सदाशिव पेठेतली वाटली असती.

शुक्रवारी ऑर्लानं विचारलं, 'सगळं तयार?'

'पूर्ण.'

'किती येतायत?'

'पाच.'

'मला वाटलं चार.'

'चार आल्या तर ते ब्लिट्झ धरत नाहीत. किमान पाच लागतात.'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'हा नवा नियम दिसतोय. ग्रँड. मी जास्तीचं पार्किंग बघते.'

इतका विचार करणारी कोच आपल्या मुलीला मिळाली, ह्याचं शैलेंद्रला मनापासून बरं वाटलं. पार्किंगचा संबंध मात्र त्याला लागला नाही.

शनिवारी सकाळी दहाला मैदानावर गाड्यांमागून गाड्या आल्या. तीन परगावचे क्लब, मास्क लावलेले आईबाप, रंगीबेरंगी जर्सीतल्या मुलींचा नुसता कलकलाट. मैदान मात्र कालच्यासारखंच हिरवंगार आणि रिकामं. ऑर्ला झपाझप चालत आली.

"शैलेंद्र, मैदानं कुठं आखलीस? कुणाची मॅच कुणाशी, तो कागद कुठाय? आणि पाचवा क्लब अजून आला नाही."

शैलेंद्रनं गिरिजाच्या खांद्यावर हात ठेवला. "पाचवी ही. ही मागून येते."

ऑर्लानं गिरिजाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ब्लिट्झ म्हणजे तुला नक्की काय वाटलं?"

त्यानं सांगितलं. पुढची फळी, मागची राखण, दोन्ही अटी.

"आमच्याकडे ब्लिट्झ म्हणजे," ऑर्ला शांतपणे म्हणाली, "तीनचार क्लबांच्या पोरी एका दिवशी एका मैदानावर बोलवायच्या. सगळ्यांनी सगळ्यांशी दहादहा मिनिटं खेळायचं. बस. आणि ते सगळं तू बघणार होतास."

तीन गावचे लोक आले होते आणि आखलेलं काहीच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे गिरिजानं हे सगळं ऐकलं होतं, आणि ती आता बुटाच्या टोकानं गवत उकरत होती. वर्षानंतर पहिल्यांदा तिच्या आजूबाजूला एवढ्या मुली होत्या, आणि त्या सगळ्या तिच्या बाबामुळे ताटकळत होत्या.

"मला दहा मिनिटं दे," तो म्हणाला.

व्याख्येचा कागद त्यानं उलटा केला. चार टीम, प्रत्येकीची प्रत्येकीशी, म्हणजे सहा मॅचेस. एका वेळी दोन, म्हणजे तीन फेऱ्या. हे गणित त्याला झोपेतही जमलं असतं. मैदान आखायचे प्लॅस्टिकचे शंकू नव्हते, म्हणून त्यानं पालकांची जाकिटं मागून घेतली. पूर्णिमानं नवी कोरी शाल एका गोलपोस्टाच्या जागी ठेवली आणि त्याच्याकडे न बघता परत गेली. पाऊण तास उशिरा का होईना, शिट्टी वाजली.

ह्या धांदलीत सात जणींना एक गोष्ट सांगायची राहून गेली, की तो ब्लिट्झ आता रद्द आहे.

पहिल्याच मॅचमध्ये समोरची एक उंच मुलगी बॉल घेऊन निघाली. चौघी तिच्यावर गेल्या. ती सराईतपणे वळली. गोलातून क्लोदा ओरडली, "आता." मागून गिरिजा सुटली. समोर पाच जणी आलेल्या पाहून त्या मुलीनं बॉल सरळ गिरिजाच्या हातात दिला आणि वर 'सॉरी' म्हणाली. गोल झाला. मग तसाच आणखी एक झाला.

"थांबव त्यांना," ऑर्ला म्हणाली.

"मागे भोक आहे. लांब किक मारली की आपोआप थांबतील," शैलेंद्रनं तिला समजावलं.

दुसऱ्या मॅचला समोरच्यांनी लांब किका मारल्या आणि चार गोल केले. पण थांबायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. उलट सहावी गेली, मग गोल सोडून क्लोदाही गेली. तिसऱ्या फेरीपर्यंत ही लागण चारही क्लबांना झाली होती. परगावच्या पोरी अर्थ न कळता 'आता, आता' ओरडत धावत होत्या. शेवटी चौदाजणींचा एकच ढीग झाला, दोन्ही गोलकीपर त्यात, आणि बॉल बाजूला जाकिटापाशी एकटा पडलेला. ऑर्लानं शिट्टी मारली आणि गवतावर बसून हसू लागली. ढिगाच्या तळाशी गिरिजा होती, आणि तीही खिदळत होती.

जाताना परगावचा एक वयस्कर कोच शैलेंद्रपाशी थांबला. "तू स्वतः कुठल्या काउंटीकडून खेळायचास?"

"नागपूर."

कोचनं गंभीरपणे मान हलवली. "तिकडचा फुटबॉल मी फारसा पाहिलेला नाही."

मंगळवारी दुपारी शैलेंद्र वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. बेल वाजली. पूर्णिमानं दार उघडलं तर पायरीवर क्लोदा आणि आणखी तिघी.

"शैलेंद्र खेळायला येतोय का?" क्लोदानं विचारलं.

वर शैलेंद्रनं ते ऐकलं. त्यानं माइक बंद केला, कॅमेरा बंद केला आणि पलंगाखालचे बूट ओढले. एक बूट पायात, एक हातात, असा तो जिन्यावरून उतरला. तोवर गिरिजा दारात पोचली होती.

"ही इज इन अ मीटिंग," तिनं मैत्रिणींना सांगितलं. "टिल फाइव्ह. आय'ल कम." आणि मागे वळून न बघता ती चौघींबरोबर पळाली.

शैलेंद्र तसाच उभा राहिला. रस्त्याच्या वळणापर्यंत पाचही डोकी दिसली, मग दिसेनाशी झाली.

"एकतर दुसरा बूट घाल, नाहीतर पहिला काढ," पूर्णिमा म्हणाली. "मला फरशी पुसायचीय."