शेपटीकडून देश बघणारे आप्पा

नाताळची प्रार्थना संपली, सगळे 'आमेन' म्हणाले आणि शमुवेल आप्पा मोठ्यानं म्हणाले, "अठ्ठावन्न."

पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. पाळकसाहेबांनी मात्र डोळेही उघडले नाहीत. त्यांना सवय होती. दौंडच्या त्या चर्चच्या मागूनच रेल्वेची लाइन जायची, आणि मालगाडी चालली की आप्पा डबे मोजायचे. हातात चहाची बशी असो की समोर मयत असो, मोजणी चुकत नसे.

मी मूळचा शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी दौंडला एका खासगी शाळेत तात्पुरता मास्तर होतो आणि राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. आप्पा माझे घरमालक. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मार्थाबाई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पत्र्याच्या दोन खोल्यांपैकी एक त्यांनी मला दिली, आणि दुसऱ्याच दिवशी माझी पुस्तकं चाळून नाक मुरडलं.

"अर्थव्यवस्था, पर्यावरण, तंत्रज्ञान, सुरक्षा. चारी विषय हितं यार्डात हायेत की! हे कशाला विकत घेतलंस?"

तीसेक वर्षं आप्पा मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून हिंडले होते. सोबतीला दिवा, झेंड्या आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्यामुळं त्यांचं एक ठाम मत झालं होतं : देश शेपटीकडून बघावा. "इंजिन शिट्टी मारीत पुढं जातंय. मागं काय सांडलं, त्ये गार्डालाच दिसतं."

मग माझे तास सुरू झाले. शाळा सुटली की पादचारी पुलावर उभं राहायचं. गाडी आली की आप्पा विचारणार, "देश काय म्हणतोय?" नगरकडून कांदा आला, कर्नाटकातल्या वाडीकडून सिमेंट आलं, तर देश काय म्हणतोय ते मी सांगायचं. सिमेंटचे डबे कमी झाले तर मंदी की संप, हे आधी ओळखायचं आणि मग वर्तमानपत्र उघडून पडताळायचं. निम्म्या वेळा वर्तमानपत्र चुकायचं, असं आप्पांचं म्हणणं.

पर्यावरणासाठी भीमेच्या पात्रात नेलं. वाळू उपसून जागोजागी खड्डे पडले होते. आप्पांनी ओंजळभर पाणी माझ्या नाकाशी धरलं. "हुंग. हुंगल्याबिगर लिहायचं न्हाई."

तंत्रज्ञानाचा तास आरक्षणाच्या खिडकीवर. नवीन संगणक आला होता. आप्पा रीतसर हावड्याचा फॉर्म भरून रांगेत उभे राहायचे आणि खिडकीशी पोहोचले की विचारायचे, "बाई, तिकीट नको. ह्याच्या पोटात आत्ता काय चाललंय, तेवढं सांगा." तिसऱ्या वेळेला बाईंनी त्यांना लांबून बघितलं आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

सुरक्षेचा तास मात्र अंगाशी आला. ताडपत्र्या टाकलेल्या रणगाड्यांची गाडी यार्डात थांबली होती. आप्पा मोजत होते, मी वहीत उतरवून घेत होतो. मागून खांद्यावर हात पडला. हवालदार होता.

"काय लिहिताय?"

"देशाची सुरक्षा," आप्पा म्हणाले. याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं.

चौकीत हवालदारानं वही उघडली. 'कांदा बेचाळीस. कोळसा अठ्ठावन्न. ताडपत्री एकवीस.' त्यानं संशयानं विचारलं, "ही कसली भाषा?" आप्पा बाकावर मांडी घालून बसले होते. म्हणाले, "आधी तुम्ही सांगा हवालदारसाहेब, अंतर्गत सुरक्षा आन् बाह्य सुरक्षा, फरक काय?" मी डोळे मिटून घेतले. दोन तासांनी एका ओळखीच्या स्टेशनमास्तरनं येऊन आम्हाला सोडवलं. बाहेर पडल्यावर आप्पा खुशीत होते. "पेपरात आलं तर लिही. यंत्रणा सतर्क हाय. स्वानुभव."

अशी दोन वर्षं गेली. पूर्व परीक्षा झाली, मुख्य झाली. मुख्य परीक्षेत पास झाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा आप्पांनी नुसती मान हलवली आणि लगेच स्टेशनवर निघून गेले. आता मुलाखतीचं पत्र यायचं होतं. पत्र आलं की शाळेत रजा टाकायची, पुण्याला मित्राच्या खोलीवर जाऊन तयारी करायची आणि तिथूनच मुंबई गाठायची, असं मी ठरवलं होतं. आप्पांनाही ते माहीत होतं.

दिवस जात होते. पत्र येईना. मी रोज विचारायचो आणि आप्पा रोज म्हणायचे, "येईल की."

शनिवारी बाजारात पोस्टमन भेटला. "काय मास्तर, पेढे कवा? मंगळवारीच पाकीट दिलं की आप्पांकडं!"

मी भाजीची पिशवी तिथंच एका दुकानात ठेवली आणि घर गाठलं. आप्पा ओट्यावर बसले होते.

"आप्पा, माझं पाकीट आलंय का?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ते काढलं. घामानं मऊ पडलं होतं. चार दिवस ते खिशात घेऊन हिंडत होते.

"मंगळवारी आलं."

"आज शनवार हाय, आप्पा."

"व्हय."

"मग दिलं का न्हाई?"

त्यांनी रिकामा झालेला खिसा हातानं सारखा केला. मग म्हणाले, "रोज सकाळी म्हनायचो, आज देतो. तू शाळेला निघायचास. सांजच्याला जेवायला बसायचास. म्हटलं, आजचा दिवस ऱ्हाऊ दे. उद्या देतो."

मी पाकीट फोडलं. मुलाखतीला आठ दिवस उरले होते. रागानं माझं डोकं फिरलं. "तुम्हाला माझं भलं बघवत न्हाई," असं मी त्यांना म्हणालो. असले शब्द तोंडातून गेले की परत घेता येत नाहीत.

 मी कपडे भरत होतो तेव्हा आप्पा दारातून एवढंच म्हणाले, "पाच-दहाची पुणे गाडी हाय. मिळंल." रोज दोनदा स्टेशनवर जाणारा माणूस त्या दिवशी मात्र घरातच राहिला.

मुंबईला मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं, "दौंडला राहता. शेतमालाच्या वाहतुकीबद्दल काय सांगाल?" मी पंधरा मिनिटं बोललो. थांबलो तेव्हा ते हसत म्हणाले, "हे आप्पा कोण? चार वेळा नाव घेतलंत." मला कळलंच नव्हतं.

निवड झाली. नायब तहसीलदार. नेमणूक विदर्भाच्या पार टोकाला. यादी लागल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते केंदूर नव्हे, तर दौंड. तरी दोन महिने मी पत्र टाकलं नाही. आधी राग होता, नंतर लाज. शेवटी रुजू व्हायला दहा दिवस उरले तेव्हा सामान आणायचं निमित्त काढून गेलो.

खोली भाड्यानं दिलेली नव्हती. माझी गादी ओट्यावर उन्हात टाकली होती. आप्पांनी मला बघितलं, उठले, गादी झटकली आणि आत नेऊन अंथरली. कधी निघणार ते विचारलं नाही.

"आठ दिवस राहतो," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले.

पण आता अभ्यास उरला नव्हता आणि अभ्यासाशिवाय आम्ही दोघं कधी काही बोललोच नव्हतो. पहिला दिवस गप्पच गेला. दुसऱ्या दिवशी मी पाकिटाच्या दिवशी बोललो त्याबद्दल माफी मागितली. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि मग आपणहून मार्थाबाईंविषयी बोलायला लागले. ती केडगावच्या मिशनमध्ये वाढलेली. लग्नानंतर आप्पा ड्युटीवर असले की ती गाडीच्या वेळेला लाइनीकडच्या अंगणात येऊन उभी राहायची. शेवटच्या डब्यातून ते हिरवी झेंडी दाखवायचे. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दिसायची. "येवढाच संसार बघ. तिचं तिथं उभं ऱ्हाणं आन् माझं लांब जाणं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कणीक मळत होते. मळता मळता थांबले.

"एक इचारू?"

"विचारा की."

"तुला चपाती आवडती का भाकरी?"

"भाकरी."

आप्पा कणकेकडं बघत राहिले. "दोन वर्षं चपात्याच लाटतोय मी. म्हटलं, मास्तर मानूस, तुला चपातीच लागंल."

ते उठले आणि शेजारून वाटीभर बाजरीचं पीठ मागून आणलं. पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी उचलताना हातात मोडली. मी म्हणालो, "आप्पा, द्या इकडं, मला येते थापायला."

"तू बस," ते म्हणाले आणि मोडलेली भाकरी पुन्हा पिठात मळायला लागले. "अजून पाच दिवस हायेस. जमंल मला."