बावन्न नंबरचं अप्रेझल

"त्याला आता मैदानातून बाहेर काढ गं," वीणाताईनं ग्लासगोहून फोनवर सांगितलं होतं. वीणाताई कस्तुरीची थोरली बहीण, शिवाय डॉक्टर. "चाळिशीला आलाय. डोक्याला किती मार बसतो, बघतेस ना?"

"अगं ताई, घरात तो साधा पेला उचलत नाही. तिथे तरी हलू दे की जरा," असं म्हणून कस्तुरी हसली आणि वरदाची नॅपी बदलायला गेली.

हे मार्चमधलं. जूनपर्यंत तिचं हसू पार मावळलं होतं.

कस्तुरीचा नवरा शशिधर अमेरिकेत एम.एस. करायला गेला, तो पदवीबरोबर तिथलं हेल्मेट घालून धडका द्यायचं फुटबॉलही घेऊन आला. नोकरीनं इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आणलं, तर इथेही एक हौशी संघ निघाला. त्यात तो लाइनबॅकर, जर्सी नंबर बावन्न. म्हणजे बचावफळीच्या मागे उभं राहायचं आणि बॉल घेऊन येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करायचं. पूर्वी आडवा व्हायचा तो समोरचा. आता दोघंही व्हायचे, आणि समोरचा आधी उठायचा.

कस्तुरी दर रविवारी बाबागाडी घेऊन कडेला उभी असायची. धडकेनंतर शशिधर उठायला किती सेकंद घेतो, हेल्मेट कितीदा चाचपतो, सगळं तिच्या वहीत. एकदा तर तो चुकून समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांनी सभ्यपणे सरकून त्याला जागाही करून दिली.

ऑगस्टमध्ये कोच ट्रेव्हरनं तिला गाठलं. ट्रेव्हर एरवी प्लंबर. "शशीला पुढच्या सीझनला ठेवायचं की नाही, ठरत नाहीये. तू कॅमेऱ्यापेक्षा बारीक बघतेस. लिहून देशील?"

कस्तुरीला देवच पावला. 'आता बस कर' असं तोंडावर म्हटलं की शशिधर दोन दिवस अबोला धरायचा. इथे संघच त्याला परस्पर काढणार होता.

लग्न होऊन इकडे यायच्या आधी सहा वर्षं तिनं पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या एचआरमध्ये अप्रेझलं लिहिली होती. तिथली रीत हाडात मुरलेली. ज्याला नारळ द्यायचा, त्याचे आधी दोन पानं गुण गायचे; खरं काय ते तिसऱ्या पानावर, 'सुधारणेस वाव' या मथळ्याखाली. कंपनीतला प्रत्येक मॅनेजर थेट तिसरं पानच उघडायचा. तिनं तसंच लिहिलं. पहिल्या पानावर: दुखणं कधी बोलून दाखवत नाही. कितीही जोरात आपटला तरी कुणाचा हात धरून उठत नाही. संघापुढे शरीराची पर्वा करत नाही. तिसऱ्या पानावर: कृपा करून याला काढा.

ट्रेव्हरनं पहिलं पान वाचलं, आणि त्याचं मन तिथेच भरलं.

शेवटच्या मॅचला शशिधर असा आपटला की बारा सेकंद हलला नाही. कस्तुरीनं मोजले. मग उठला, हसला, "ठीक आहे" म्हणाला. संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत बक्षीस समारंभ होता. ट्रेव्हरनं खिशातून कागद काढला आणि खड्या आवाजात वाचला. "हे त्याच्या बायकोनं लिहिलंय! पुढच्या सीझनचा कॅप्टन, आपला शशी!" दरवाजाएवढाले बाप्ये डोळे पुसायला लागले. कस्तुरी "तिसरं पान, तिसरं पान" म्हणत होती, ते टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

परतताना गाडी तीच चालवत होती. बाहेर अजून चांगलं ऊन होतं.

"सात वर्षांत तू मला एवढं कधी म्हणाली नाहीस," शशिधर म्हणाला. "आणि गंमत सांगू? मी ट्रेव्हरला सांगणारच होतो, आता थांबतो म्हणून. अंग फार दुखतं गं. पण तू दर रविवारी इतकं मन लावून बघायचीस, म्हटलं हिला आवडतंय."

"अरे, आवडतं कसलं! जीव मुठीत धरून बघत होते मी. त्याला काढा, असं लिहून दिलंय मी तिसऱ्या पानावर!"

तो खो खो हसला. "म्हणजे दोघांनाही नकोच होतं! उद्याच सांगतो ट्रेव्हरला."

कस्तुरीनं कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचा गोल चौक, आला. या गावात असल्या चौकांना तोटा नाही.

दुसऱ्या राउंडअबाउटला शशिधर म्हणाला, "काय गं, ट्रेव्हरला तू नक्की काय लिहून दिलंस?"

"आत्ता सांगितलं ना? काढा म्हणून."

तो पुन्हा तस्साच हसला, तेवढाच वेळ. "म्हणजे दोघांनाही नकोच होतं!"

तिसऱ्या राउंडअबाउटला तो तिच्याकडे वळून कौतुकानं म्हणाला, "सात वर्षांत तू मला एवढं कधी म्हणाली नाहीस."

घराचा रस्ता डावीकडे होता. कस्तुरी डावीकडे वळली नाही. हॉस्पिटलची पाटी दिसली तिकडे तिनं गाडी घातली आणि दर दोन मिनिटांनी त्याच प्रश्नाला नव्यानं उत्तर देत राहिली.

आता त्याला आत नेलंय, आणि ती झोपलेल्या वरदाला मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसली आहे. तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात आज कुणी कुठे आपटलं असेल आणि "मला काही झालं नाही" म्हणून टीव्हीसमोर बसलं असेल, तर हे वाचन इथेच ठेवा. उठा, आणि त्याला विचारा, आज वार कोणता? उत्तर बरोबर आलं तरी पाच मिनिटांनी परत जाऊन विचारा.