सावलीची लाभार्थी

ओढ्यावरचा पायपूल तीन वर्षांपूर्वी वाहून गेला आणि नगर परिषदेच्या दप्तरी त्याची नोंद 'तात्पुरता गैरहजर' अशी झाली. ही शब्दयोजना मसुदेरावांची. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण कचेरीतला कोणताही मसुदा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, म्हणून हे नाव चिकटलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. बायकोला मात्र नोंद मुळीच आवडली नव्हती. ती ओढ्यापलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. पूल होता तेव्हा सात मिनिटांत कामावर पोचायची. आता टेकडीला वळसा घालून पाऊण तास लागत होता आणि गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते.

"पूल कधी होणार तेवढं सांगा," ती गुडघ्यांना तेल चोळताना म्हणायची.

"विचाराधीन आहे."

"कुणाच्या?"

हा प्रश्न मसुदेरावांच्या अधिकारकक्षेबाहेरचा होता.

पुलाला पैसा हवा म्हणून परिषदेने श्रीमंतांवर कर बसवला. दहा किंवा अधिक खोल्यांचं घर असेल तो श्रीमंत, असं ठरलं. नोटिसा गेल्या आणि महिन्याभरात गावात औषधालाही श्रीमंत उरला नाही. लाकडाच्या वखारवाल्यांच्या बंगल्याची मोजणी झाली तेव्हा नऊ खोल्या आणि चौदा प्रशस्त कोनाडे निघाले. एका कोनाड्यात बिलियर्डचं टेबल होतं.

अध्यक्ष समजूतदार गृहस्थ होते. "ओरबाडून कुणी देत नाही," ते म्हणाले, "जरा गोंजारून बघू." त्यातून प्रोत्साहन योजना निघाली. जो करदाता श्रीमंत स्वखर्चाने सार्वजनिक सुविधा बांधेल, त्याला खर्चाच्या दुप्पट करमाफी. कर कमी पडला तर फरक परिषद रोख देणार. दुसऱ्याच दिवशी सगळ्या कोनाड्यांच्या पुन्हा खोल्या झाल्या.

सार्वजनिक म्हणजे काय, एवढं लिहिणं बाकी होतं. मसुदेरावांनी दोन संध्याकाळी घासून वाक्य तयार केलं आणि मोठ्या हौसेने बायकोला वाचून दाखवलं: 'ज्या बांधकामाचा लाभ मालकाशी नाते नसलेल्या किमान एका व्यक्तीस नियमितपणे होतो, ते सार्वजनिक समजावे.'

"यात पूल कुठे आहे?"

"पूल गृहीत आहे," मसुदेराव म्हणाले.

पहिला अर्ज वखारवाल्यांचा आला. त्यांनी टेकडीच्या वळशावरच्या आपल्या बंगल्याची कुंपणभिंत बारा फूट उंच केली होती. मसुदेराव टेप घेऊन पाहणीला गेले तेव्हा वखारवाले स्वतः उन्हात उभे होते.

"ही सावली बघा, साहेब. संध्याकाळी सगळी रस्त्यावर पडते. माझ्या वाट्याला एक इंच येत नाही."

"लाभ घेणारी एक तरी व्यक्ती दाखवावी लागेल. नियमित."

"आहे ना. रोज एक बाई जातात. वॉचमन नोंद ठेवतो."

वहीत अडीचशे नोंदी होत्या. मसुदेरावांनी मधलंच पान उघडलं. 'पांढऱ्या साडीतली बाई. निळी डब्याची पिशवी. गुडघा धरून सावलीत चार मिनिटे उभी.' ती पिशवी त्यांनीच बायकोला आणून दिली होती. त्यांना वाईट वाटलं. पण व्याख्या त्यांची होती आणि भिंत तिच्यात चपखल बसत होती. त्यांनी 'शिफारस' असं लिहून सही केली.

मग ओरड झाली की सवलत श्रीमंतांनाच का. अध्यक्षांना ते पटलं आणि योजना सर्वांना खुली झाली; श्रीमंत नसलेल्यांना माफी घरपट्टीत. वळशाच्या वाटेवर शिंप्याने दुकानाबाहेर बाक टाकला, मास्तरांनी पायरी बांधली, चष्मेवाल्याने आरसा लावला. प्रत्येकाच्या वहीत लाभार्थी म्हणून तीच निळी पिशवी.

एवढं झाल्यावर अध्यक्षांना पूल आठवला. निविदा निघणार तोच वखारवाल्यांची हरकत आली. पूल झाला की बाई या रस्त्याने येणार नाहीत, बाई आल्या नाहीत की भिंत सार्वजनिक राहणार नाही. सबब प्रस्तावित पूल हा अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक सुविधेस बाधक आहे. परिषदेने हरकत ग्राह्य धरली. दोनशे नागरिकांनी सह्या करून पूल मागितला तरच फेरविचार होणार होता.

बायको कागद घेऊन दारोदार हिंडली. सगळ्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"ताई, पूल हवाच," शिंपी म्हणाला. "वाद नाही त्यात. पण तुम्ही माझ्या बाकावर रोज दोन मिनिटं टेकता ना? ते थांबलं तर माझी माफी जाते हो. माझं नाव शेवटी घाला. एकशे नव्व्याण्णव झाले की या."

सगळ्यांनाच दोनशेवं नाव हवं होतं.

आठव्या दिवशी तिने कोरा कागद नवऱ्यापुढे ठेवला. "सुरुवात घरातून करू. घाला सही."

मसुदेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपल्या दाराबाहेर मी दिवा लावलाय ना..."

"हो. मला वाटलं माझ्यासाठी."

"तू नात्यातली. तू चालत नाहीस. पूल गेल्यापासून पलीकडच्या आळीतले सगळे आपल्या दारावरून जातात. घरपट्टीतले वर्षाला अठराशे सुटतात."

तिने कागद परत उचलला. "म्हणजे माझे गुडघेही नात्यातले," ती म्हणाली. "ते तुमच्या व्याख्येत बसायचे नाहीत."

मसुदेरावांनी उठून दाराबाहेरचा दिवा लावला.

कागद ती अजून फिरवते आहे, लंगडत का होईना. वाचकहो, आपली गल्ली राहिली असेल तर तिथेही येईल. तिला दारातून हाकलण्याइतके आपण वाईट नाही आहात, हे तिला ठाऊक आहे. आपण बसवाल, पाणी द्याल, पूल हवाच म्हणाल. एवढं झालं की फक्त पेन उघडायचं राहील.