सिद्धलिंग सरांची फेरतपासणी

शिक्षक हा राष्ट्राचा कणा असतो, आणि एका राष्ट्राचा कणा काढून दुसऱ्या राष्ट्राला बसवायचा म्हटल्यावर कागदपत्रं लागणारच. याबद्दल कुणी तक्रार करू नये.

जुळे सोलापुरातल्या आमच्या हायस्कुलात सिद्धलिंग सर गणित शिकवायचे. (मी इतिहास शिकवतो. माझ्या विषयात कुणी नापास होत नाही, त्यामुळे मला कुणी घाबरत नाही.) त्यांच्या पत्नी दानेश्वरी वहिनी नर्स. वहिनींना परदेशातल्या रुग्णालयात नोकरी लागली आणि सर कायम नोकरीचा राजीनामा देऊन बरोबर निघाले. व्हिसाच्या भाषेत ते आता 'अवलंबित' होते. निरोप समारंभात मुख्याध्यापक चनबसप्पा सर म्हणाले, "नवऱ्यामागं बायको जाती, हे आपण बगितलंय. हे लई नवीन की!" टाळ्या पडल्या. (देशाचं नाव देत नाही. गल्लीनं तो अमेरिका धरलाय, आणि तो अमेरिका नाही.)

तिथं शिक्षक व्हायचं तर आधी आपण शिक्षक आहोत हे सिद्ध करावं लागतं. पद्धत उत्तम आहे. आपल्याकडे एकदा नेमणूक झाली की हा प्रश्न निवृत्तीपर्यंत उद्भवत नाही. तिथल्या कार्यालयानं आमच्या शाळेला विचारलं, की सदर शिक्षकाच्या अध्यापनावर देखरेख कोण ठेवत असे?

"देखरेख?" चनबसप्पा सर विचारात पडले. "मडिवाळप्पा शिपाई खिडकीतनं बगत हुता की रोज."

तसं इंग्रजीत लिहून, शिक्का मारून पाठवलं. उलटटपाली विचारणा आली, की श्री. मडिवाळप्पा यांची शैक्षणिक पात्रता कळवावी.

हा पत्रव्यवहार सुखेनैव चालू असताना सरांना घरात बसवेना. त्यांनी मिळालं ते काम धरलं. अंगात चकाकतं पिवळं जाकीट, हातात 'थांबा' अशी गोल पाटी, आणि शाळेसमोर मुलं रस्ता ओलांडेपर्यंत गाड्या अडवायच्या. पहिल्याच दिवशी एका पालक बाईंनी त्यांना सावकाश, मोठ्यानं समजावलं, "एका वेळी दहा मुलं सोडायची. दहापर्यंत मोजता येतं ना?"

घरी आल्यावर सरांनी हे सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग? तुमी काय म्हणालात?"

"येतं म्हणालो. थोडं थोडं."

वहिनी हसल्या. सर हसले नाहीत. जेवलेही नाहीत. (भाजी चांगली झाली होती, असं वहिनींचं म्हणणं.)

इकडे त्यांच्या आई काशम्मा मात्र खुशीत होत्या. "पोरानं हात वर केला की मोटारी थांबत्यात म्हणं," त्या शेजारणींना सांगत. "हितं सात रस्ता चौकात पोलिसानं हात केला तरी कोण थांबतंय?" गल्लीत सरांना वाहतूक खात्यात मोठा हुद्दा मिळाला.

पण खोड जात नाही. फुटपाथवर खोळंबलेल्या पोरांना सर गाड्यांचे नंबर दाखवून विचारू लागले, हा नऊनं भागेल का? आकड्यांची बेरीज कर, सांग. पोरं लवकर येऊ लागली. रस्ता मोकळा झाला तरी ओलांडीनात. शेवटी एका गाडीवाल्यानं लेखी तक्रार केली, की माझा नंबर नऊनं भागत नसल्यानं मला ताटकळत ठेवण्यात आलं.

चौकशीला खुद्द तिथल्या मुख्याध्यापिका बाहेर आल्या. गणिताच्या तासाला रोज रडणारी एक मुलगी फुटपाथवर एका ट्रकच्या नंबरावरून मैत्रिणीशी तावातावानं भांडत होती. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि तक्रार तशीच हातात घेऊन आत गेल्या.

सरांना वर्गात मदतनीस म्हणून घेतलं. मदतनिसानं शिकवायचं नाही, फक्त मदत करायची, असा नियम होता. सरांनी तो काटेकोर पाळला. ते शिकवत नसत. ज्याला गणित येत नाही त्याच्या शेजारी बसत आणि येईपर्यंत उठत नसत. संध्याकाळी कालपरवा मिसरूड फुटलेल्या पोरांच्या बाकावर बसून 'गणित कसे शिकवावे' हा अभ्यासक्रम शिकत. त्यात ते पास झाले. (पहिल्या वर्गात नाही.) मग रीतसर शिक्षक झाले.

काशम्मांना वाईट वाटलं. "यवढ्या मोटारी थांबवत हुता. परत मास्तरच झाला व्हय?"

यंदा सर सुट्टीवर आले तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार केला. अनुभवी शिक्षकाला रस्त्यावर उभं करणाऱ्या त्या देशाचा प्रत्येक वक्त्यानं निषेध केला. मी तर इतिहासातले दाखले दिले. नंतर आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नागम्मा चहा घेऊन आल्या. बोलण्यातला कानडी हेल ऐकून सरांनी कन्नडमधून विचारलं, की मूळच्या कुठल्या, काय करत होता?

"विजापूरच्या," नागम्मांनी आम्हा सगळ्यांकडे बघत मराठीत सांगितलं. "बी.एड. हाय सर. आटवी-नववीला विज्ञान शिकवत हुते. मालकांना हितं गिरणीत नोकरी लागली, मग आले."

सरांनी हातातला कप खाली ठेवला. "मग यांना वर्ग का नाही दिला?"

"ती कागदं तिकडची की," चनबसप्पा सर म्हणाले. "हितं कोण तपासणार?"

नागम्मा सहा-सात वर्षं आमच्याकडे आहेत. त्या विज्ञानाच्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं; खिचडी चांगली करतात हे आधीपासून माहीत होतं.

आता वाचकांनी आम्हाला खुशाल नावं ठेवावीत. फक्त आधी आपल्या इमारतीत नवऱ्याच्या बदलीनं आलेल्या कुठल्याही एका वहिनींचं दार वाजवावं, आणि तिकडे तुम्ही काय करत होता, एवढं विचारून यावं. त्यांचं स्वतःचं नाव माहीत नसेल, तर तेही तेव्हाच विचारून घ्यावं.