विसाव्या मजल्यावरची म्हातारी

लिफ्टच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! बारा वर्षं मी बंद पडलेल्या लिफ्ट सुरू करतोय आणि परवापरवापर्यंत माझ्या नावाची एकही स्लिप संध्याकाळपर्यंत उघडी राहिलेली नव्हती. स्लिप म्हणजे आमच्या कंपनीच्या ॲपमधली तक्रार. लिफ्ट चालू झाली, तिथल्या माणसाने मोबाईलवर बोटाने सही केली, की स्लिप बंद. ऑफिसातल्या फळ्यावर 'उघड्या स्लिपा' या रकान्यात माझ्यापुढे कायम शून्य असायचं. माझी मुलगी चिमणी शाळेत मैत्रिणींना त्या शून्याबद्दल सांगायची. बाकीच्यांच्या बापांकडे गाड्या आहेत, तिच्या बापाकडे शून्य आहे.

तर अशा माणसाने एका रविवारी, हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, 'वज्रपंख' हा गेम लावला. वर्षभर जाहिराती बघून आम्ही बापलेक वेडे झालो होतो. जाहिरातीत हा वज्रपंख ढग फाडत उडतो, एका हाताने पूल उचलतो, नुसत्या नजरेने लोखंड वितळवतो. जेवायच्या आत शहर वाचवून दाखवतो, असं मी चिमणीला छातीठोकपणे सांगितलं. बायको भाजी चिरत होती. तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं.

गेम सुरू झाला आणि कळलं, या गड्याला उडताच येत नाही! उडायचं तर आधी शहरभर विखुरलेली दोनशे पिसं गोळा करायची. गटारात, गच्चीवर, कचऱ्याच्या डब्यामागे! तासभर मी त्या छाती फुगवलेल्या वीराला रस्तोरस्ती वाकवत फिरवला. मिळाली अकरा. मग एका इमारतीच्या विसाव्या मजल्यावरून एक म्हातारी हाका मारायला लागली. खाली आग लागलेली. आम्ही धावत आत शिरलो, तर लिफ्टवर पाटी : 'बंद आहे. जिना वापरा.'

आता मला सांगा, माझ्यासमोर बंद लिफ्ट! दाराच्या फटीत अडकलेली चप्पल मला सोफ्यावरून दिसत होती. चप्पल काढा, दार लागेल, लिफ्ट चालेल. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मी रिमोटची सगळी बटणं दाबली. वज्रपंखाने लिफ्टला गुद्दे मारले, लाथा घातल्या, एकदा तर मिठीही मारली, पण वाकून चप्पल काही काढली नाही. पिसं उचलताना बरी कंबर वाकत होती मेल्याची! शेवटी जिन्याने निघालो, तर सातव्या मजल्यावर त्याला धाप लागली आणि तो पायरीवर बसला.

"बाबा, याची तक्रारच करा," चिमणी म्हणाली.

मी तिला हसवायला म्हणून मोबाईल काढला आणि स्लिप भरली. बिघाड : दारात चप्पल. मजला : विसावा. अडकलेली व्यक्ती : एक, वृद्ध स्त्री. आग : होय. चिमणी हसून हसून लोळायला लागली. मी स्लिप पुसून टाकणारच होतो, पण भरलेली स्लिप पाठवायची ही अंगठ्याची बारा वर्षांची सवय. गेली! आणि पत्ता ॲप स्वतःच टाकतं. मोबाईल जिथे असेल तिथला.

मी घाईघाईने सुपरवायझर साहेबांना फोन लावला. लागेना. लागणार कसा? ते अग्निशमन दलाशी बोलत होते.

नवव्या मिनिटाला आमच्या फाटकात बंब उभा! मागोमाग हत्यारांची पेटी घेऊन आमचा सहकारी, ज्याला सगळे पाना म्हणतात, आणि त्याच्यामागे घरच्या स्लिपरमध्ये साहेब. आमची इमारत तीन मजली. लिफ्ट नाहीच. बंबाच्या प्रमुखांनी मजले दोनदा मोजले. तोवर जवानांनी पहिल्या मजल्यावरच्या आजींना, त्या नको नको म्हणत असताना, खुर्चीसकट खाली आणून ठेवलं होतं.

साहेब तीन मजले चढून आले आणि थेट वज्रपंखासारखे धापा टाकत बसले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, पडद्यावर दाखवलं. आता नोकरी गेली, असं धरूनच चाललो होतो. साहेब पडद्याजवळ सरकले.

"तो चप्पल का काढत नाही?" त्यांनी विचारलं.

मग रिमोट पान्याने घेतला, पान्याकडून बंबाच्या प्रमुखांनी. अर्धा तास चार जाणती माणसं त्या चपलेवर संतापत होती. नंतर साहेबांना आपण साहेब आहोत हे आठवलं.

"खोटी म्हणून स्लिप बंद करायची सोय ॲपमध्ये नाही," ते म्हणाले. "म्हातारीला उतरव आणि सही आण. तोवर फळ्यावर तुझ्यापुढे एक."

चिमणीचं हसू थांबलं. मला खरं लागलं ते तेवढंच.

मग तीन आठवडे! कामावरून आलो की पिसं. चिमणीने वहीत शहराचा नकाशा काढला, गटारं क्रमांक घालून. खाली आग तीन आठवडे लागलेलीच होती, त्याचं कुणाला काही नव्हतं. काल संध्याकाळी दोनशेवं पीस मिळालं आणि वज्रपंख उडाला. ओली गोधडी वाऱ्यावर उडावी तसा, पण उडाला! विसाव्या मजल्याच्या खिडकीशी पोचलो. चिमणीने माझा दंड घट्ट धरला होता.

म्हातारीने चष्मा सारखा केला. "नको रे बाबा, मला उंचीची भीती वाटते. लिफ्ट सुरू झाली की येईन." आणि तिने खिडकी लावून घेतली.

रात्रीच साहेबांना हे कळवलं होतं. आज सकाळी स्लिप उघडून पाहिली. साहेबांनी शेरा मारलाय : 'वृद्ध स्त्री सुखरूप. अडकलेली व्यक्ती : मेकॅनिक.'